नववा आठवडा आणि टेस्टची लांबलचक यादी: कुठली कशासाठी, कुठली सोडली तरी चालेल

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. पहिलं बाळ, नववा आठवडा चालू, राहतेस डिचोलीला, माहेर सावंतवाडीला आणि सातवा महिना झाला की बाळंतपणाला तिकडे जायचं ठरतंय. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत रक्ता-लघवीच्या टेस्टची यादी दिली, लॅबवाल्याने त्यावर "प्रेग्नन्सी पॅकेज घ्या, स्वस्त पडेल" म्हणून आणखी चार-सहा नावं वाढवली. सासूबाई म्हणतात आमची बाळंतपणं यातलं काही न करता झाली, नवरा म्हणतो पैशांचं बघू नको सगळ्या करून टाक, आणि तुला कळायचंय की खरंच लागतात त्या कुठल्या, आणि सारख्या सोनोग्राफीने बाळाला काही होत नाही ना.

मी फोंड्याकडे गायनॅकची प्रॅक्टिस करते, शिकले बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात. तुझ्या वयाच्या मुली रोज समोर बसतात म्हणून सरळ तू म्हणते, रागावू नकोस.

यादी बघून छातीत धडकी भरते कारण कुठली टेस्ट कशासाठी हे त्यावर कुणी लिहिलेलं नसतं. ओपीडीत बाहेर रांग असते, डॉक्टर पेनाने टिकमार्क करतात आणि पुढचा नंबर येतो. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी एक प्रश्न विचारायला शिकवते: ही टेस्ट खराब आली तर आपण वेगळं काय करणार? उत्तर आलं की अमुक गोळी सुरू करू, तमुक इंजेक्शन देऊ, बाळंतपण छोट्या दवाखान्यात न करता मोठ्या हॉस्पिटलात करू, तर ती टेस्ट करायचीच. उत्तर आलं की "काही नाही, माहीत असलेलं बरं", तर जरा थांबायचं. तुझ्या यादीला हाच प्रश्न लावून बघू.

पहिली सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. यात हिमोग्लोबिन असतं ते सगळ्यांना माहीत. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया म्हणतात, ७ च्या खाली गेलं तर तो गंभीर, मग हॉस्पिटलातच बघावं लागतं. मधल्या आकड्याला गोळ्या, आणि गोळ्या पोटाला सोसत नसतील किंवा दिवस थोडे उरले असतील तर पहिले तीन महिने उलटल्यावर शिरेतून आयर्नचं इंजेक्शन. सरकारी दवाखान्यात मिळणारी गोळी ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची असते, निदान १८० दिवस घ्यायची. ती चौथ्या महिन्यापासून. आत्ता तुला नुसती फॉलिक ॲसिडची चालू असेल. लोहाची गोळी सुरू झाली की शौचाला काळं होतं, घाबरायचं नाही. पण सकाळी चहा-पोईबरोबर गोळी घेतलीस तर अर्धी फुकट, चहा लोह शोषू देत नाही. जेवणानंतर तासाभराने लिंबूपाण्याबरोबर घे, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला. एवढं पाळलं तरी महिन्याभरात आकडा साधारण एकाने वर यायला हवा, नाही आला तर नुसता डोस वाढवत बसायचं नाही, कारण शोधायचं.

आणि हे कारण शोधणं त्याच सीबीसीत असतं. हिमोग्लोबिनच्या खाली एमसीव्ही आणि एमसीएच असे दोन आकडे येतात, त्यांच्याकडे पेशंट बघतच नाहीत. रक्तातल्या लाल पेशी लहान आणि फिक्या आहेत का ते त्यावरून कळतं. एमसीव्ही ८० च्या खाली किंवा एमसीएच २७ च्या खाली असेल तर दोन शक्यता, लोह कमी पडतंय किंवा थॅलेसेमियाचा (आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार) कॅरिअर आहे. कॅरिअर माणसाला स्वतःला काही होत नाही, आयुष्यभर ठणठणीत असतो, कधी कळतही नाही. पण नवराही कॅरिअर निघाला तर प्रत्येक बाळाला २५ टक्के शक्यता असते की थॅलेसेमिया मेजर होईल, म्हणजे लहानपणापासून दर काही आठवड्यांनी रक्त चढवणं. म्हणून आकडे असे आले तर एचपीएलसी नावाची टेस्ट सांगतात, त्यात एचबीए-टू ३.५ टक्क्यांच्या वर आलं तर तू कॅरिअर, आणि त्याच आठवड्यात नवऱ्याची टेस्ट. तो नॉर्मल आला की विषय संपला. दोघंही कॅरिअर असतील तर बाळाची तपासणी अकराव्या आठवड्यानंतर वारेचा (प्लासेंटाचा) छोटा नमुना घेऊन होते, किंवा पंधरा-सोळा आठवड्यांनंतर गर्भजलातून. हे सगळं पाचव्या महिन्यात कळलं तर हातात वेळच उरत नाही, म्हणून पहिल्या भेटीतली सीबीसी "पुढच्या महिन्यात करू" असं करायचं नाही.

सहाव्या-सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन परत बघतात आणि तेव्हा ते थोडं उतरलेलं दिसतं. अंगातलं रक्ताचं पाणी वाढलेलं असतं म्हणून. पण "सगळ्यांचंच उतरतं" म्हणत दुर्लक्ष पण नको, बाळंतपणात रक्त जातं आणि १२ वाली बाई जे सहज सोसते ते ८ वाली सोसत नाही.

ब्लड ग्रुप. शाळेच्या किंवा लायसन्सच्या कार्डावरचा ग्रुप चालणार नाही, लॅबचा छापील रिपोर्ट फाइलला हवा. पॉझिटिव्ह असशील तर पुढच्या परिच्छेदावर जा. निगेटिव्ह असशील आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं, आणि त्याच्या रक्ताविरुद्ध तुझ्या अंगात अँटीबॉडीज तयार होऊ शकतात. पहिल्या बाळाला बहुतेक वेळा काही होत नाही, त्रास दुसऱ्याला होतो. म्हणून इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट आत्ता एकदा आणि २८ आठवड्यांना परत, मग अँटी-डी चं इंजेक्शन, आणि बाळंतपणानंतर बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ७२ तासांच्या आत आणखी एक. मधे कधी रक्तस्राव झाला किंवा पोटावर पडलीस तरी डॉक्टरला लगेच कळवायचं, तेव्हाही लागू शकतं. गर्भपात झाला होता तेव्हा हे इंजेक्शन दिलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही, अशा मुली अजून येतात. तू म्हणतेस तसं हे पहिलंच असेल तर ठीक, पण आधी काही झालं असेल आणि घरच्यांना माहीत नसेल तर निदान डॉक्टरला एकटीला सांग.

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि व्हीडीआरएल. ही तीन नावं वाचली की नवऱ्याचा चेहरा बदलतो, "आमच्यावर संशय आहे का" इथपर्यंत गोष्ट जाते. संशय कुणावर नाही, टेस्ट सगळ्यांनाच सांगतात, डॉक्टरच्या बायकोला पण. माझा तो वरचा प्रश्न लावून बघ आणि या तीन टेस्टची उत्तरं सगळ्यात स्वच्छ येतात. एचआयव्ही असेल आणि काहीच केलं नाही तर बाळाला लागण व्हायची शक्यता १५ ते ४५ टक्के, औषधं वेळेत सुरू झाली तर ५ टक्क्यांच्याही खाली येते. हिपॅटायटिस बी असेल तर जन्मल्यावर १२ तासांच्या आत बाळाला इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन आणि सोबत लस, त्यासाठी ते इंजेक्शन आधीच मागवून ठेवावं लागतं, मध्यरात्री कुठे मिळणार? व्हीडीआरएल म्हणजे सिफिलीसची टेस्ट, पेनिसिलिनने बरा होणारा आजार आहे आणि उपचार नाही केला तर बाळ पोटात दगावू शकतं. फक्त व्हीडीआरएल कधीकधी उगाच पॉझिटिव्ह येते, म्हणून दुसरी पक्की टेस्ट झाल्याशिवाय घरात भांडण सुरू करायचं नाही. एचआयव्हीची टेस्ट तुझ्या संमतीनेच व्हायला हवी आणि रिपोर्ट तुझ्या परवानगीशिवाय कुणाला सांगता येत नाही, सासरच्यांनाही नाही, हे २०१७ च्या कायद्यात आहे. नवऱ्यानेही आपली करून घेतली तर उत्तम.

लघवीची रुटीन आणि कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ते बघणं). कल्चर बऱ्याच जणी गाळतात, "मला जळजळ होत नाही मग कशाला". गरोदरपणात काही त्रास नसतानाही लघवीत जंतू वाढलेले असतात आणि तसेच सोडले तर मूत्रपिंडापर्यंत चढून थंडी-ताप भरतो, कळा लवकर सुरू व्हायची भीती. साधा अँटिबायोटिकचा कोर्स पुरतो. नमुना मात्र नीट दे, धुवून, पहिली धार सोडून मधली धार, लॅबच्याच बाटलीत.

टीएसएच, म्हणजे थायरॉइडची टेस्ट, एकदा कर. पहिल्या तीन महिन्यांत गरोदरपणाच्या हॉर्मोनमुळे टीएसएच आपोआप थोडं खाली येतं, तेव्हा लॅबच्या छापील रेंजच्या खाली लाल अक्षरात आलं म्हणून गूगल करत बसू नकोस, डॉक्टर आठवड्यांप्रमाणे वाचतील. वाढलेलं असेल तर गोळी आणि साधारण महिन्या-दीड महिन्याने परत. नॉर्मल असेल तर दर महिन्याला करायचं काही कारण नाही.

आता शुगर. यावर जरा जास्त लिहिते कारण आपल्या गोव्यात हा विषय टाळण्यासारखा नाहीच. आयसीएमआरचा मोठा सर्वे २०२३ मध्ये आला त्यात डायबिटीसमध्ये गोवा देशात पहिल्या नंबरला, २६.४ टक्के. सकाळी पाव, दुपारी शीत-कडी (भात-कडी), रात्री परत शीत, आणि घरात आई नाहीतर बाबा नाहीतर दोघंही गोळ्यांवर, हे चित्र मला रोज दिसतं. गरोदरपणातली शुगर वाढते तेव्हा बाईला कळत नाही, तहान लागत नाही, चक्कर येत नाही. बाळ मात्र गरजेपेक्षा मोठं होतं, बाळंतपण अडतं आणि जन्मल्यावर त्याची शुगर एकदम खाली जाते.

सरकारी पद्धत सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज एक मोठा ग्लास पाण्यात, पाच-दहा मिनिटांत पिऊन संपवायचं, बरोबर दोन तासांनी रक्त. उपाशी असायची गरज नाही. १४० किंवा त्याच्या वर आलं तर गरोदरपणातला डायबिटीस धरतात. एकदा पहिल्या भेटीत आणि नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत परत, कारण वारेची हॉर्मोन्स तेव्हाच जोर धरतात. काही डॉक्टर उपाशीपोटी, एक तास, दोन तास अशी तीनदा रक्त घेणारी पद्धत वापरतात, त्यात आकडे वेगळे असतात, ९२, १८० आणि १५३. दोन्ही बरोबर, पण आपली कुठल्या पद्धतीने झाली ते रिपोर्टवर लिहून घे, नाहीतर सावंतवाडीच्या डॉक्टरांना उपाशीपोटीची की जेवणानंतरची हा प्रश्न पडेल.

या टेस्टमध्ये बायका काय काय करतात ते सांगते. टेस्टच्या आधी दोन-तीन दिवस भात-गोड सगळं बंद करून येतात, परीक्षेला बसल्यासारख्या, आणि "पास" झाल्या की खूश. शुगर असून सुटली तर नुकसान कुणाचं? नेहमी खातेस तेच खाऊन ये. दोन तासांत मार्केटला चक्कर मारून येते असं म्हणू नकोस, चालण्याने आकडा बदलतो, लॅबमध्येच बस, पुस्तक ने. ग्लुकोज गोड गोड लागतं आणि नवव्या-दहाव्या आठवड्यात आधीच ओकाऱ्या चालू असतात, पिऊन अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती टेस्ट धरत नाहीत, दुसऱ्या दिवशी परत, अर्ध्या तासानंतर झाली तर चालू ठेवतात. तुला सकाळी जास्त मळमळत असेल तर दुपारची वेळ माग.

आणि शुगर निघाली तर? बहुतेक जणींना दोन आठवडे जेवण बदलून आणि जेवणानंतर चालून भागतं. भात पूर्ण बंद करा असं मी कुणालाच सांगत नाही, आपल्याकडे ते दोन दिवस टिकतं आणि तिसऱ्या दिवशी रागाने डबल भात होतो. ताटातला भात निम्मा, त्याच्या जागी तांबडी भाजी, अळसांदे (चवळी), मूग आणि मासळी वाढवायची, बांगडा-तारले अगदी चांगले. मोरी (शार्क) मात्र टाळ, मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त असतो. उपाशीपोटी ९५ च्या खाली आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली राहिलं की झालं. नाही राहिलं तर गोळी किंवा इन्सुलिन. इन्सुलिन म्हटलं की घरात रडारड होते, तर सांगून ठेवते, ते बाळापर्यंत पोचत नाही आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचं बंद होतं. सहा आठवड्यांनी टेस्ट परत करायची असते, ती कुणीच करत नाही, बाळाच्या गडबडीत राहून जाते.

सोनोग्राफीकडे येते. बाळाला त्रास होतो का, तर त्यात ध्वनिलहरी असतात, एक्स-रेसारखं रेडिएशन नाही, आणि इतकी वर्षं वापरात असून बाळाला अपाय झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. तरी "हौस म्हणून दर महिन्याला" हे नको. ज्याला खरंच अर्थ आहे असे स्कॅन मोजके आहेत.

पहिला सहा ते नऊ आठवड्यांतला, बाळ गर्भाशयातच आहे ना, ठोके आहेत का, एक की दोन, आणि किती आठवड्यांचं. यातून जी डिलिव्हरीची तारीख ठरते ती पक्की. पुढे प्रत्येक स्कॅनच्या रिपोर्टवर वेगळी तारीख छापून येते आणि घरात गोंधळ, "आधी २० म्हणाले आता ३०". नंतरच्या स्कॅनमधली तारीख म्हणजे बाळाच्या मापावरून मशीनने काढलेला अंदाज, बाळ लहान-मोठं असेल तर ती हलणारच. मूळ तारीख बदलायची नसते. ती फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेव.

दुसरा एनटी स्कॅन (यात बाळाच्या मानेमागच्या पाण्याच्या थराची जाडी मोजतात), ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत, त्याच वेळी डबल मार्करचं रक्त. यावरूनच सगळ्यात जास्त रडणं होतं. ही डाऊन सिंड्रोमसारख्या जन्मजात दोषांची चाळणी आहे, निदान नाही. रिपोर्टवर "हाय रिस्क, १:१८०" असं आलं की मुलगी रात्रभर झोपत नाही. त्याचा अर्थ असे आकडे असलेल्या १८० जणींमधे एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम, १७९ जणींच्या बाळांना नाही. लॅबने कुठेतरी रेघ मारायची म्हणून साधारण १:२५० ला मारलेली असते. तसंच "लो रिस्क" म्हणजे गॅरंटी नव्हे. हाय रिस्क आलं तर पुढे दोन वाटा, एनआयपीटी म्हणजे आईच्या रक्तातून बाळाच्या डीएनएची तपासणी, ती पण चाळणीच, पण खूप बारीक आणि महाग, किंवा गर्भजल तपासणी, जी पक्कं निदान देते पण सुई घालावी लागते आणि गर्भपाताचा थोडा धोका असतो.

ही टेस्ट करायचीच का? इथे मात्र "अवलंबून आहे" हेच प्रामाणिक उत्तर. काही जोडपी म्हणतात, बाळ कसंही असलं तरी आमचं, मग आम्हाला ताण कशाला. मला ते पटतं, मी जबरदस्ती करत नाही. काहींना आधी कळलं तर तयारी करायची असते, काहींना निर्णय घ्यायचा असतो. वय ३५ च्या पुढे असेल, घरात तसा काही इतिहास असेल तर मी जरा जोर देऊन सांगते, कारण वयाबरोबर धोका चढतो, पस्तिशीत साधारण साडेतीनशेत एक आणि चाळिशीत शंभरात एक. पण रक्त देण्याआधी नवरा-बायकोने एका संध्याकाळी बसून बोलायचं की हाय रिस्क आलं तर आपण पुढे जाणार का. रिपोर्ट हातात आल्यावर हे बोलणं नीट होत नाही. डबल मार्कर नाही केली तरी एनटी स्कॅन मी सोडू देत नाही, त्यात बाकीही बरंच दिसतं, आणि राहूनच गेलं तर पंधरा ते वीस आठवड्यांत क्वाड्रुपल मार्कर असते.

तिसरा, अनॉमली स्कॅन, १८ ते २० आठवडे. पैशांची ओढाताण असेल आणि एकच स्कॅन परवडत असेल तर हाच, असं मी म्हणेन. डोकं, पाठीचा कणा, हृदयाचे चार कप्पे, किडन्या, हात-पाय, वार कुठे चिकटलीय, सगळं बघतात, अर्धा-पाऊण तास लागू शकतो. बाळ पालथं झोपलेलं असेल तर चालून या म्हणतात, चिडायचं नाही. वेळ पाळायची कारण कायदा. गर्भपात कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, २४ पर्यंत ठराविक परिस्थितीत दोघांचं, आणि त्यापुढे बाळात मोठा दोष असेल तरच मेडिकल बोर्डाकडे. तेवीसाव्या आठवड्यात स्कॅनला आलेल्या जोडप्याला मग विचार करायलाही चार दिवस मिळत नाहीत. वार खाली आहे असं या स्कॅनमधे आलं तर लगेच पलंगावर झोपून राहू नकोस, बहुतेकींची गर्भाशय वाढेल तशी वर सरकते, ३२ आठवड्यांच्या सुमारास परत बघतात. हाच स्कॅन थ्रीडी-फोरडी केला की जास्त कळतं हा गैरसमज आहे, फोटो छान येतो इतकंच.

शेवटच्या महिन्यांतले वाढीचे स्कॅन आणि डॉप्लर (बाळाकडचा रक्तप्रवाह बघणारा स्कॅन), ते किती लागतील हे आत्ता कुणीच सांगू शकत नाही. बीपी, शुगर, बाळाची वाढ कमी, जुळं, असं काही असेल तर जास्त, सगळं सुरळीत असेल तर एखादा पुरे. "गळ्याभोवती नाळ" असं त्यात आलं की सिझेरियनच असं धरून चालू नकोस, ते अगदी कॉमन आहे. आणि मुलगा की मुलगी हे विचारू नकोस, सासूबाईंनाही विचारू देऊ नकोस, १९९४ च्या कायद्याने सांगणंही गुन्हा आणि विचारणंही. दर स्कॅनला एफ फॉर्म भरून सही घेतात आणि ओळखपत्र लागतं ते त्याच कायद्यामुळे.

पॅकेजमधल्या ज्या नावांवर मी काट मारते त्यात पहिलं टॉर्च पॅनल (टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला वगैरे जंतूंची रक्ततपासणी). त्यात आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे आयुष्यात कधीतरी तो जंतू येऊन गेला, तो निम्म्या गावाला येऊन गेलेला असतो, आणि त्यावरून घाबरून इंजेक्शनांचा मारा होतो तो वेगळाच. ताप-पुरळ किंवा स्कॅनमधे काही संशय असेल तर गोष्ट वेगळी. मग व्हिटॅमिन प्रोफाइल, लिपिड प्रोफाइल, आर्थ्रायटिस कशासाठी ते मलाही कळलेलं नाही. पूर्ण शाकाहारी असशील तर बी-ट्वेल्व्ह बघायला हरकत नाही. पॅकेजची किंमत बघण्यापेक्षा डॉक्टरांनी लिहिलेली यादी लॅबवाल्यासमोर धर आणि म्हण, एवढ्याच.

यादीत नसलेली एक गोष्ट, बीपी. प्रत्येक भेटीत, सुई नाही, खर्च नाही, आणि माझ्या मते बाकी सगळ्यांपेक्षा वरची. वीस आठवड्यांनंतर १४०/९० किंवा वर आणि लघवीत प्रोटीन म्हणजे प्रीएक्लाम्पसिया, तो हाताबाहेर गेला तर आई आणि बाळ दोघांनाही धोका. घाईच्या ओपीडीत बीपी बघायचं राहिलं तर तू मागून घे. घरात आई-बहिणीला हा त्रास झाला असेल, आधीच बीपी असेल, जुळं असेल तर आत्ताच डॉक्टरला सांग, अशांना सोळा आठवड्यांच्या आत ॲस्पिरिनची छोटी गोळी सुरू केली तर जास्त फायदा होतो.

आणि पाऊस चालू आहे म्हणून, ताप आला तर "साधा असेल" म्हणत पॅरासिटामॉलवर चार दिवस काढू नकोस. मलेरिया, डेंग्यू आणि शेतात चिखलात उतरत असशील तर लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप), या टेस्ट रुटीन नाहीत पण आपल्याकडे तापाला लागतातच. पुढे काजूच्या सिझनला सत्तरीकडे कुणाच्या बागायतीत जाणं होणार असेल तर तेव्हा टाळ, तिथे माकडतापाच्या केसेस असतात.

खर्चाचं म्हणशील तर वरच्या बऱ्याच टेस्ट प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होतात, दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली डॉक्टरची तपासणीही असते. प्रायव्हेटला दाखवत असशील तरी तिथे नाव घाल आणि माता-बाल संरक्षण कार्ड घे. सिस्टर टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लसही देतील. हे कार्ड माहेरी गेल्यावर उपयोगी पडतं.

माहेरचं म्हणजे असं. सावंतवाडीला जाऊन बाळंत होण्यात वाईट काही नाही, फक्त पहिल्यांदा तिथल्या डॉक्टरचं तोंड कळा सुरू झाल्यावर बघू नकोस. बत्तीस आठवड्यांच्या आत एकदा जाऊन नाव घालून, फाइल दाखवून ये. शुगर, बीपी, खाली असलेली वार किंवा निगेटिव्ह ग्रुपच्या अँटीबॉडीज यातलं काही निघालं तर मात्र ठरवलेलं बदलायची तयारी ठेव. तिकडच्या अवघड केसेस रात्री-अपरात्री बांबोळीलाच येतात, मग तू बांबोळीच्या जवळच राहिलेली बरी. आईला वाईट वाटेल, तिला इकडे बोलावून घे. सगळ्या रिपोर्टचे मोबाइलवर फोटो काढ, पण मूळ कागद पण ने, स्कॅनचे रिपोर्ट तर नक्की.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांच्या वेळी कुणाचं काय झालं हे त्यांनाच विचार, शेजारची एखादी बाळंतपणात गेली, एखादीचं बाळ गेलं, कारण कळलं नाही, असं त्या स्वतःच सांगतील.

आत्ता या आठवड्यात रक्त-लघवीचं सगळं एकाच फेरीत उरकून घे, ग्लुकोजच्या दोन तासांसकट. आणि एनटी स्कॅनची तारीख आजच फोन करून घे. तुझा नववा चालू आहे म्हणजे तुझे ते अकरा ते चौदामधले दिवस नेमके चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आसपास येतात. तेव्हा सोनोग्राफीवालेही आपापल्या गावच्या घरी गेलेले असतात, काहींकडे दीड दिवस, काहींकडे पाच-सात, आणि उघडल्यावर पहिल्या दिवशी ही गर्दी. चवथीच्या आधी अकरा आठवडे पूर्ण होत असतील तर आधीची वेळ माग. नाही होत असतील तर विसर्जनानंतरची, पण १३ आठवडे ६ दिवस तुझ्या तारखेने कधी होतात ते फोनवर त्यांना स्पष्ट सांगून.